दंडावरचा खोटा वण

१० मार्च १९४४, शुक्रवार

दामू, हे वाचायला घेशील तेव्हा आधी आठव की तुला आई आहे. बुटकी, काळी, तोंडावर देवीचे वण, चाळणीसारखं तोंड. आठवली? चार महिने पत्र नाही म्हणून विचारते. लढाईवर बाकीचं सगळं आठवतं म्हणे तुला. साहेबाला सलाम कधी ठोकायचा तेसुद्धा.

ही रोजनिशी तुझ्यासाठी नाही. माझी मला आहे. पण मला वाचता येत नाही, तेव्हा कधीतरी तूच वाचशील. लिहिते तुझी बायको. ट्रेनिंग कॉलेजात इंदूला शिकवलं म्हणे, माणसाने रोज लिहावं. आमचा करार असा: मी एक पान सांगायचं, तिने तिच्या जगाच्या इतिहासातलं एक पान मला वाचून दाखवायचं. मी न्हाई म्हणते, ती नाही लिहिते. मास्तरीण आहे, चालायचंच. मी भांडताना जे बोलते ते मात्र ती तस्सं ठेवते, पुरावा म्हणून. शाई वाचवायला तुझ्या मंजीला कधी नुसतं मं. लिहिते, सकाळला स., दुपारला दु. पोर पाच वर्षांची, नाव एका अक्षराचं.

आजचं पान: अमेरिका. तिथे आधी माणूसच नव्हतं. मग पार उत्तरेला समुद्र गोठला, पाणी खाली गेलं, जमीन उघडी पडली. आशियातली माणसं जनावरांच्या मागे चालत चालत तिकडे गेली. जायचं म्हणून नाही गेली, शिकार पुढे चालली म्हणून गेली. मग पाणी वर आलं, वाट बुडाली. ती चालतच राहिली. हजारो वर्षं, थेट खालच्या टोकापर्यंत.

"आन् बाया काय करत हुत्या?"

"पुस्तकात नाही, आत्याबाई."

"पोरं पाठीला बांधून चालत असतील. आन् वाट कोण चुकलं त्यावर नवऱ्याशी भांडत."

इंदू हसली. मी मात्र त्या बुडालेल्या वाटेवरच अडले. कडी घातलेला गोठा असावा तसा तो देश. कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. अशा गोठ्यात एकदा काही शिरलं की

(इथे मं. ने दुधाचं भांडं सांडलं. —इं.)

१२ मार्च, रविवार

स. मंजीला घेऊन गुऱ्हाळावर गेले. यंदाची शेवटची कढई. कढई सांभाळणारा गुळव्या नदीपलीकडचा. अंगात ताप, डोळे गुंजेसारखे लाल, तरी रस ढवळत होता.

"घरी जा की रं बाबा," मी म्हणाले.

"कढई उतरल्याबिगर कसा जाऊ, आजे?"

कढई उतरल्यावर त्याने मंजीला मांडीवर घेतलं आणि ऊन ऊन गूळ आपल्या हाताने भरवला. त्याचीही तेवढीच पोर आहे म्हणे.

दु. पान. तिथल्या माणसांनी काय काय पिकवलं त्याचं. इंदू वाचत होती, मी शेंगा फोडत होते. मका त्यांचा. बटाटा त्यांचा. तंबाखू त्यांची. बरं. मिरची त्यांची.

"थांब. मिरची?"

"हो आत्याबाई. फिरंग्यांनी जहाजातून इकडे आणली."

"मग आपल्या पणज्या ठेचा कशाचा करत हुत्या?"

"मिऱ्यांचा करत असतील."

"आन् ह्या शेंगा?"

"त्याही तिकडच्याच."

हातातली शेंग खाली ठेवली. शेजाऱ्याचं भांडं आपल्या मांडणीवर निघावं तसं झालं.

पुढे असं की, एक खलाशी आपला देश शोधायला निघाला. हो, आपलाच. मसाले पाहिजे होते. वाट चुकला, मध्येच ती जमीन लागली. तिथली माणसं पोहत त्याच्या जहाजाकडे गेली, पोपट आणि सूत घेऊन, भेट म्हणून. ह्याने त्यांना आपल्या देशाचं नाव, इंडियन, चिकटवलं आणि मोकळा झाला. अजून तेच चालतंय. चुकलेल्या पाहुण्याने रस्ता विचारून पुढे जावं. हा तिथेच बसला. म्हणजे यायचं होतं आमच्या दारात, गेला त्यांच्या.

"काय घिऊन आला हुता?"

"घोडे. तोफा. आणि..." इंदूने पुढचं पान बघितलं आणि पुस्तक मिटलं. "ते नंतर."

१४ मार्च, मंगळवार

नदीपलीकडच्या गावात देवी निघाल्या.

काठावर धूर दिसतो. हलगी ऐकू येते, मध्येच थांबते. थांबली की जास्त भीती वाटते. बाजारला कुणी गेलं नाही. गावावर बाया, म्हणजे देवी, आल्या की फोडणीचा वास चालत नाही, तर इंदूने सवयीने मोहरी टाकली. शेजारची हौसा भिंतीवरून ओरडली, "अगं बंद कर, आईसाहेब कोपतील!" हौसाचं नाक एरवीही आमच्याच चुलीत असतं.

दु. देवी काढणारा, लस टोचणारा डॉक्टर चावडीवर आला. बाळाच्या देवी काढून घेतल्या. बाळ म्हणजे तुझ्या मागल्या रजेचा प्रसाद, सहा महिन्यांचा, तू अजून बघितलेला नाहीस. दंडावर सुईची चक्री फिरवली तशी त्याने चावडी डोक्यावर घेतली. मग डॉक्टरने मं. ची बाही वर केली. दंडावर दोन वण. "हिच्या काढलेल्या आहेत," म्हणाला, वहीत खूण केली, पुढचं पोर बोलावलं.

इंदूने माझ्याकडे बघितलं, समाधानाने. मी नदीकडे बघत होते.

आज पान नको. डोकं दुखतं.

(आत्याबाईंचं डोकं कधी दुखत नाही. —इं.)

१५ मार्च, बुधवार

गुळव्याला देवी आल्या. अंगभर. बैलगाडीत कडुलिंबाचा पाला अंथरून पलीकडे नेला. गाडी आमच्या दारावरून गेली. वर धोतर पांघरलेलं, तरी हात दिसला. त्याच हाताने रविवारी गूळ भरवला होता.

इंदू म्हणाली, "बरं झालं, मंजीच्या काढलेल्या आहेत."

मी "हं" म्हणाले.

थोड्या वेळाने परत म्हणाली. मी परत "हं" म्हणाले.

पान: अमेरिकेतलं डोंगरातलं राज्य. लांबच लांब. अक्षर नव्हतं. दोऱ्यांना गाठी मारून सगळं ध्यानात ठेवायचे.

"बघ, अक्षराबिगर अडत न्हाई," मी म्हणाले. इंदू म्हणाली, "गाठी मारायलाही शिकावं लागतंच ना." उलट उत्तर देते, पण बरोबर देते.

त्या राज्यात निरोपे ठेवलेले. एकाने पळत यायचं, दुसऱ्याच्या कानात निरोप घालायचा, त्याने पुढे पळायचं. एक दिवस निरोप आला, किनाऱ्यावर कुणी परकी माणसं आलीत. राजाने एकही गोरा माणूस डोळ्यांनी बघितला नव्हता. आणि तो मेला. त्याच्या गादीवर बसणाराही मेला.

"कशानं?"

इंदूने ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "देवीने, आत्याबाई. त्या देशात हा रोग नव्हताच कधी. जहाजातून आला. आणि गोऱ्यांच्या पुढे पळाला, माणसाकडून माणसाकडे."

म्हणजे वैरी वेशीत दिसायच्या आधीच घरात येऊन बसलेला. कुणाच्या तरी श्वासात, कुणाच्या तरी हातात.

मं. अंगणात बाहुलीचं लग्न लावत होती. मी तिला उगाच हाक मारली. "काय आजी?" काही नाही म्हणाले.

१६ मार्च, गुरुवार

आज पान आधी वाचलं. तळ्यातलं शहर. पाण्यातून रस्ते, पाण्यावर मळे, बाजार असा की नगरचा बाजार त्याच्या एका कोपऱ्यात मावावा. त्या लोकांनी लढून गोऱ्यांना हाकललं होतं. हो, हाकललं होतं. मग देवी आल्या. घरंच्या घरं एकदम आडवी. भाकरी थापायला उठेल असं माणूस नाही. तान्ह्या पोराला पाणी पाजेल असं माणूस नाही. कितीतरी देवीने मेले आणि कितीतरी नुसत्या भुकेने, तहानेने.

इंदू, आता लेखणी बुडव. मी सांगते ते लिही. मध्ये थांबू नकोस. थांबलीस तर माझ्याच्याने परत सांगवणार नाही.

तू नगरला ट्रेनिंगला होतीस. मंजी तीन वर्षांची, माझ्यापाशी. तान्ही असताना तापात होती म्हणून तिच्या देवी काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढून घ्या असं तू बजावून गेली होतीस. डॉक्टर आला. मी मंजीला रिकाम्या कणगीत बसवलं, हातात खोबऱ्याचा तुकडा दिला, वर सूप झाकलं. "पोर आजोळी गेली," सांगितलं. तो गेला. तू सुटीला यायच्या महिनाभर आधी मी बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसे दोन चटके तिच्या दंडावर दिले. देवी काढतात तिथेच. फोड आले, पिकले, वण राहिले. तू आलीस, बाही वर करून बघितलंस आणि माझ्या पाया पडलीस. मी आशीर्वाद दिला.

ते वण बिब्ब्याचे आहेत. मंजीच्या देवी काढलेल्या नाहीत.

लिही. का केलं तेही लिही. दामू, तुला थोरली बहीण होती, काशी. तुला सांगितलं नाही कधी. तेव्हा एका पोराच्या दंडातलं पाणी काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचे. काशीचा दंड सुजला, काळा पडला. नवव्या दिवशी गेली. लोक म्हणतील मी अडाणी म्हणून भ्याले. मी बघितलं म्हणून भ्याले.

(हा डाग माझ्या हातून पडला. —इं.)

१७ मार्च

(आज आत्याबाईंनी काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. —इं.)

१८ मार्च, शनिवार

आज इंदू समोर बसली. बोलत नाही. लेखणी हातात आहे एवढंच.

परवा लिहिणं झाल्यावर ती उठली, मंजीला उचललं, आत जाऊन कडी घातली. काल सकाळी बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाळ अंगावर पितं, मला जाता येत नाही. डॉक्टर कुठं असेल तिथं तुम्ही हिला घेऊन जा. आज. आणि तो भेटल्याशिवाय परत येऊ नका." तिने मला असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मुसळ घेतलं असतं.

चावडीवर कळलं, डॉक्टर नदीपलीकडे गेला. म्हणजे देवी आहेत त्याच गावात. ज्याच्यापासून पोरीला लपवायचं, त्याच्याच घरात तिला घेऊन जायचं. नदीत गुडघाभर पाणी. मंजी कडेवर. मध्यावर पाय थांबले. पुढे देवी, मागे इंदू. पुढे गेले.

त्या गावात दारादाराला कडुलिंबाचे डहाळे. वेशीवर कुणी "कुठल्या?" म्हणून विचारलं नाही. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. डॉक्टर शाळेपुढच्या चिंचेखाली बसलेला. त्याने बाही वर केली.

"हिच्या काढलेल्या आहेत, आजीबाई."

"न्हाई. त्यो बिब्बा हाय."

"कुणी लावला?"

"म्याच."

माझ्याकडे बघत राहिला. "सरकारला फसवलंस, म्हातारे?"

"सरकार लई मोठं हाय, त्याला कोन बी फसवतं. म्या हिच्या आईला फसवलं."

मग त्याने दुसऱ्या दंडावर स्पिरिट लावलं, चक्री फिरवली. मंजी रडली नाही. मला विचारते, "आजी, आता कणगीत बसू का?" दोन वर्षांत आईला ह्यातला एक शब्द बोलली नव्हती. मी गप्प बस म्हणाले होते ना.

डॉक्टरने विचारलं, रोग्याच्या जवळ कधी गेली होती? रविवारी, म्हणाले. त्याने बोटं मोजली. मोजून झाल्यावर तोंड बदललं. दोन-तीन दिवसांत आणली असती तर भरवसा दिला असता, म्हणाला. "आता आठ-नऊ दिवसांनी ताप येईल. देवी काढल्याचाही ताप येतो आणि देवीचाही येतो. दोन्ही त्याच सुमाराला. दंडावरचा फोड नीट भरला तर चांगलं. पण तोंडावर, हातापायावर उठायला लागलं..."

"उठलं तर?"

"पुढचं तुझ्याच तोंडावर लिहिलंय."

"मला वाचाया येत न्हाई, डॉक्टर."

तो हसला नाही. मीही नाही.

परतताना गुळव्याचं घर वाटेवर. दाराला डहाळा. त्याची पोर उंबऱ्यात एकटी बसलेली, ओठ सुकलेले. आत आवाज नाही. मी थांबले नाही. पाणी दिलं का कुणी, एवढंसुद्धा विचारलं नाही. मंजी कडेवर होती. हे लिहायचं नव्हतं, पण आता काय लपवायचं राहिलंय.

१९ मार्च, रविवार

इंदूने न सांगता पुस्तक आणलं. माझ्याकडे न बघता वाचलं. बोलत नाही, पण करार मोडत नाही.

त्या लोकांतले जे घाबरून दुसऱ्या गावी पळाले ते आपल्याबरोबर रोग घेऊन पळाले. ज्यांच्याकडे आसरा मागितला तेही पडले. घर पेटलं म्हणून जळता पेंढा डोक्यावर घेऊन शेजारी जावं, तसं.

"मग संपले का समदे?"

पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नाही. पुष्कळ गेले. जमिनी गेल्या, राज्यं गेली. पण ते संपले नाहीत. अजून आहेत, डोंगरात, जंगलात. आपल्या भाषा बोलतात."

"कोन वाचलं? कसं?"

"पुस्तकात नाही."

पुस्तकात कामाचं काहीच नसतं. दिवसभर विचार केला. शेणी थापताना ध्यानात आलं. त्यांच्यात माझ्या तोंडाचं कुणी नव्हतं. देवी येऊन गेलेली एकही म्हातारी नव्हती त्या अख्ख्या देशात. म्हणून सगळी एकदम पडली, म्हणून पाणी पाजायला कुणी उरलं नाही. ज्याला एकदा येऊन गेल्या त्याला परत येत नाहीत, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. आपल्याकडे चार घरांत एक तरी चाळणी निघतेच.

ह्या तोंडाचा जन्मभर राग केला मी. अंतरपाट दूर झाला तेव्हा तुझा बाप हातातला हार घालायचा विसरला, भटजीला दोनदा सांगावं लागलं. आणि आता बघ. ह्या घरात देवीपाशी बसू शकेल असं एकच तोंड आहे.

२१ मार्च, मंगळवार

आपल्या गावात आल्या. कुंभारवाड्यात एक, मग दुपारी अजून दोन.

हौसा आली. बायांना शांत करायला पाच कुमारिका जेवू घालायच्या आहेत, मंजीला पाठव. कुंभारवाड्यातच.

"न्हाई पाठवायची," मी म्हणाले.

"तू न्हाई म्हनतीस? तू? दर साली पयल्या पंगतीला तूच असतीस की!"

"ह्या साली न्हाई. आन् तुझी नात बी धाडू नको, हौसा."

"आईसाहेब कोपल्या तर?"

"कोपू दे. माज्यावर कोपू दे. माजं तोंड आदीच खराब हाय."

थट्टा केली ती हौसापुरती. आईला उलट बोलले मी. उंबऱ्यावर डोकं टेकलं. राग माझ्यावर काढ, म्हणाले, पोरीवर नको.

ठरवलं. उद्या मी मंजीला घेऊन मळ्यातल्या खोपीत जाणार. ताप चार दिवसांत येणारच आहे. टोचल्याचा आला तर घरी परत येऊ. दुसरा आला तर गल्लीत पोरं आहेत, घरात तान्हं आहे, त्याच्या काढून जेमतेम आठवडा झालाय, आणि बघायला येणाऱ्यांना तू अडवू शकणार नाहीस, इंदू. लेकरू आजारी म्हटलं की अख्खा गाव ओटी घेऊन येतो. पळून नाही चालले मी. आपल्याच बांधाच्या आत जाऊन बसणार आहे.

इंदू म्हणाली, "मी पण येते."

"आन् बाळ?"

तिने बाळाला पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "आत्याबाई, तिला काही झालं तर मी तुम्हाला..."

ते वाक्य तसंच ठेव. पुरं करू नकोस.

२३ मार्च, गुरुवार. मळा.

मी खोपीच्या दारात. इंदू पलीकडच्या बांधावर बाभळीखाली, मांडीवर वही. मध्ये कांद्याचे वाफे. मी ओरडते, ती लिहिते. अर्ध्या शिवाराला फुकट ऐकू जातं, म्हणून आज कुणाची निंदा नाही.

मं. ठीक. ताप नाही. दंडावर लाल झालंय, मध्ये बारीक फोड धरतोय. सारखा खाजवायला बघते. हाताला चिंधी बांधली.

पाटाचं पाणी सोडायला पाटकरी आला होता. लांबूनच ओरडून सांगितलं, गुळव्या गेला. त्याची पोर? "मामानं नेली जनू." जनू.

मंजीला करमेना म्हणून अमेरिकेची गोष्ट सांगितली. बर्फावरची वाट, पुढे जनावरं, मागे माणसं. पुस्तकात नसलेल्या बायासुद्धा घातल्या, एक भांडखोर म्हातारी घातली.

"मग वाट बुडली तर ती परत कशी गेली?"

"न्हाई गेली. तितंच राह्यली."

"आपन जानार ना घरी?"

"आपली वाट कांद्यातनं हाय येडे, ती कशी बुडंल?"

हसली. मी तोंड फिरवलं. (आत्याबाई हे एवढ्या हळू बोलल्या की मला परत विचारावं लागलं. —इं.)

२५ मार्च, शनिवार. मळा.

पहाटेपासून ताप. अंग तव्यासारखं. पाठ दुखते म्हणते. पाच वर्षांच्या पोरीला पाठ असते का दुखायला? मला आल्या तेव्हा माझीही पाठ दुखली होती. तेवढंच आठवतं त्यातलं.

दंडावरचा फोड भरला. गोल, मोत्यासारखा, मधोमध खळगा. डॉक्टर म्हणाला होता तसाच. हे चांगलं.

कपाळावर केसांपाशी एक लाल ठिपका. हे काय ते माहीत नाही. पाटाकाठी डास फार. डास असेल. इंदू, डास लिही.

दर घडीला दोन घोट पाणी पाजते. झोपली तरी उठवून पाजते. रागावते माझ्यावर. रागावू दे, रागवायला जीव लागतो.

हौसा बांधापर्यंत आली होती, ओटी घेऊन. मी ढेकूळ उचललं. "आग माज्या बाये, मायेनं आलीया मी!" म्हणाली. माहीत आहे मला. तिकडे अमेरिकेतही मायेनेच गेली असतील एकमेकांकडे. ढेकूळ खाली ठेवलं, पण तिला पुढे येऊ दिलं नाही. बांधावरूनच हात जोडून गेली.

२६ मार्च, रविवार. मळा.

ताप आहे. कालच्यापेक्षा कमी की माझा हातच तापलाय, कळत नाही.

कपाळावरचा ठिपका तसाच. मोठा नाही, बारीक नाही. मनगटावर एक सापडला. कालच असेल, मी बघितला नसेल. काल चिमणीच्या उजेडात बघत होते. सकाळपासून तीनदा अंग तपासलं. तळपाय कोरे आहेत. तळहात कोरे आहेत. परत बघणार होते, मंजी म्हणाली, "आजी, मला वाचतीस का?" हो बाई, म्हणाले. ह्या वयात शिकतेय.

डॉक्टरला निरोप गेलाय. उद्या येईल किंवा परवा. त्याला गावं फार झालीत.

इंदू, मागे हो. दिसतंय मला. कांद्याच्या पहिल्या वाफ्यात पाय आहे तुझा. बाळाकडे बघ आणि मागे हो. बांधावर बस. रडायचं तर रड, पण लिहीत रड.

तिला सांग म्हणतेस? सांगितलं. आई बांधावर आहे म्हणाले. मान हलवली तिने. डोळे उघडले नाहीत, पण मान हलवली.

तुला काय म्हणायचं होतं त्या दिवशी ते मला ठाऊक आहे. म्हण नंतर. मी कुठे जात नाही.

आता कामाचं लिही. उद्या सकाळी नाचणीची आंबील पाठव, पातळ, गाळलेली, घोटाघोटाने जाईल अशी. मऊ भात, ताक. थोडी साखर असेल तर वेगळ्या वाटीत. माझ्या दोन भाकरी आणि एक कांदा. कांद्यात बसलेय पण अजून भरला नाही, उपटवत नाही. बांधावर ठेव, झाकून, आणि मी उचलायच्या आत मागे फीर. आणि ऐक, आजच्यासारखं एका वाटीत कसंबसं पाठवू नकोस. दोघी आहोत इथे. दोघींचं पोटभर पाठव.